दोन मोटारी आणि एक क्षण

लोहाराच्या भट्टीजवळ आपण सर्वजण लहानपणीं केव्हां तरी उभे राहिलों असूं. भाता दाबला कीं निखारा फुलतो, कारण त्यास अधिक हवा मिळते. मोटारीच्या इंजिनांतील टर्बो हाहि एक भाताच होय. मात्र तो हलविण्यास माणूस लागत नाहीं. इंजिनांतून वायां जाणारा तप्त धूर एक लहानसें चक्र फिरवितो, आणि त्याच आंसावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें.

या युक्तींत एक खोड आहे. धुरास जोर येईपर्यंत चक्र वेग घेत नाहीं. चालकानें पाय दाबला तरी क्षणभर गाडी ऐकत नाहीं, आणि मग एकदम उसळते. या एका क्षणाचें काय करावें, या प्रश्नास जर्मनी व इटली यांनीं जवळजवळ एकाच काळीं दोन भिन्न उत्तरें दिलीं.

जर्मनीची पोर्शे ९५९ हिनें १९८६ सालीं पॅरिस-डाकार ही वाळवंटांतील शर्यत जिंकली. हिचें इंजिन सहा सिलिंडरांचें, ४५० अश्वशक्तीचें. टर्बो दोन, परंतु इंजिन मंद असतां सर्व धूर एकाच टर्बोकडे वळविलेला असतो, म्हणून तो लौकर जागा होतो. वेग वाढल्यावर दुसरा त्यास येऊन मिळतो. शिवाय चारहि चाकांना शक्ति पोंचते.

इटलीची फेरारी एफ ४० ही १९८७ सालीं, कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त निघाली. आठ सिलिंडर, ४७८ अश्वशक्ति, दोन्ही टर्बो एकदम चालणारे, आणि शक्ति केवळ मागील चाकांना. वजन वांचावें म्हणून आंत गालिचा नाहीं. दार उघडण्यास साधी दोरी. तो क्षण हिनें टाळला नाहीं. तो ओळखण्याचें काम चालकावर सोंपविलें.

या मोटारी मीं चित्रांतच पाहिल्या. तो क्षण मात्र आमच्या रानांतहि येतो, कारण आजच्या बहुतेक डिझेल जीपगाड्यांत टर्बो असतोच. एकदां मी चंद्रपुराहून मूलकडे जीपमधून निघालों होतों. पुढें बांबूनें भरलेला ट्रक. आमच्या चालकानें गाडी उजवीकडे काढली, तोंच समोरून बस आली. त्यानें पाय दाबला. गाडी होती तशीच. मग एकाएकीं उसळली, आणि आम्ही थोडक्यांत वांचलों. पुढच्याच वळणावर चितळांचा कळप रस्ता ओलांडीत होता. चालक घाम पुशीत म्हणाला, "गुरुजी, हिला दम जरा उशिरा येतो."

शर्यतीच्या मैदानावर इटलीचें उत्तर शोभून दिसतें. तेथें चूक झाली तर तिची किंमत बहुधा चालकच देतो. रानांतल्या रस्त्यावर ती किंमत बसमधील माणसें देतात, चितळेंहि देतात. म्हणून माझें मत जर्मनीच्या पारड्यांत पडतें. आपल्या साध्या जीपमध्यें तशी दुहेरी योजना नसते. तेव्हां उरलेली सावधगिरी आपणच बाळगावयाची. पुढें जाण्यापूर्वीं खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढून चक्र आधींच वेग घेतें. आणि पुढला रस्ता दिसत नसेल तर ट्रकच्या मागें राहावें. मूल गांव कोठें पळून जात नाहीं.