फळ्यावर नावं लिहून नेता घडतो का?

नावडे कॉलनीत संध्याकाळी मुलं खाली उतरली की खेळाआधी वाद सुरू होतो. लगोरी फुटल्यावर चेंडू पायाला लागला तर बाद धरायचं का? डबा ऐसपैसमध्ये पहिलं राज्य कुणावर? हा वाद इथे जरा जास्तच रंगतो. नावडे गावातली आगरी घरं जुनी. पण सिडकोची वसाहत आणि शेजारची तळोजा एमआयडीसी यांच्यामुळे कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेशातली मुलं एकाच आवारात आली आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचा नियम बरोबर आणलेला असतो. थोड्याच वेळात वरच्या खिडकीतून हाक येते, 'भांडायचं असेल तर वर या!'

ही हाक थोडी उशिरा द्यावी, एवढंच मला पालकांना सांगायचं आहे.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल प्रश्न विचारले. त्याचं पुस्तक 1932 साली आलं. लहान मुलाला नियम मोठ्यांनी दिलेला, कधीच न बदलणारा वाटतो, असं त्याला दिसलं. दहा वर्षांच्या आसपास मात्र मुलाला उमगतं की सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. ही समज येते ती बरोबरीच्या मुलांशी घासाघीस करूनच. चार जणांचं ऐकून घेणं, मधला मार्ग सुचवणं आणि तो सगळ्यांच्या गळी उतरवणं यालाच आपण पुढे नेतृत्व म्हणतो.

मोठ्यांच्या वागण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हे सर्वांत स्पष्ट दाखवलं ते कुर्ट लेविनने. हिटलर सत्तेवर आल्यावर हा ज्यू शास्त्रज्ञ जर्मनी सोडून अमेरिकेत गेला होता. हुकूमशाहीत माणसं कशी बदलतात, हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह त्याने आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं काढली. मुखवटे बनवणं आणि तसेच हस्तकलेचे उद्योग त्यांना दिले. एका पद्धतीत मोठा माणूस हुकूम सोडायचा, पुढची पायरीही सांगायचा नाही. दुसऱ्या पद्धतीत तो मुलांशी चर्चा करून काम ठरवायचा. तिसऱ्या पद्धतीत तो नुसता हजर असायचा. तीच मुलं आळीपाळीने वेगवेगळ्या पद्धतींखाली काम करायची.

1939 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हुकमाखाली काम भरपूर व्हायचं, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की ते ढेपाळायचं. काही गटांत मुलं मुकाट बसायची, काहींत एखाद्या मुलावर सगळे तुटून पडायचे. चर्चेने चालणाऱ्या गटात मोठा माणूस असो वा नसो, काम जवळजवळ तसंच चालू राहायचं. नुसतं मोकळं सोडलेल्या गटात गोंधळच जास्त. 20 पैकी 19 मुलांना हुकूम सोडणाऱ्यापेक्षा चर्चा करणारा मोठा माणूस आवडला.

आता आपल्या वर्गातला मॉनिटर आठवा. बाई ऑफिसात गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे त्याचं काम. वर्षभर एकच मुलगा, बहुधा पहिल्या नंबराचा. त्याला आपण हुकूम चालवायला शिकवतो आणि उरलेल्या वर्गाला त्याच्यापासून लपायला. ही पद्धत बंद व्हायला हवी.

उत्तम पर्याय आपल्याच मातीत आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. बसलेल्या आठांपैकी नेमक्या गड्याला खो देऊन त्याला स्वतः बसावं लागतं. म्हणजे पुढारीपण काही क्षणांत दुसऱ्याकडे जातं. बसलेल्याची परीक्षा आणखी कठीण, कारण खो मिळण्याआधी उठला तर फाउल. ऊर्मी आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. पण खेळात मूल आपल्या वयापेक्षा जास्त संयम दाखवतं. सोव्हिएत संशोधक मानुइलेन्को यांनी 1948 साली मांडलेल्या प्रयोगात, नुसतं 'हलू नको' म्हटल्यावर चुळबुळणारी लहान मुलं पहारेकऱ्याची भूमिका मिळाल्यावर बराच जास्त वेळ स्थिर उभी राहिली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

पुण्यात अप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलांमधून समाजाला नेतृत्व मिळावं म्हणून. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जबाबदारी पेलण्याची संधी हुशार ठरलेल्यांपुरती राहू नये. ती नावडे फाट्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मिळायला हवी.

त्यासाठी महागड्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराची गरज नाही. शिक्षकांनो, मॉनिटर दर पंधरवड्याला बदला आणि त्याला नावं लिहायला लावण्याऐवजी वर्गाची एखादी अडचण सोडवायला द्या. पालकांनो, यंदा सोसायटीच्या गणपतीतला एक दिवस पूर्णपणे मुलांच्या हाती सोपवा, अगदी हिशेबाच्या वहीसकट. ती विचारतील तेव्हा जवळ असा. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला तरी माइक हातात घेऊ नका.