‘तमस’मधील पशू

माणसाच्या अंतरंगात एक पशू दडलेला असतो, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचे भय आता वाटेनासे झाले आहे. ते भय पुन्हा जागे करणाऱ्या कादंबऱ्यांत भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या हिंदी कादंबरीचे स्थान फार वरचे आहे.

साहनींचा जन्म १९१५ साली रावळपिंडीत झाला. फाळणीनंतर ते दिल्लीत आले आणि तेथे इंग्रजीचे अध्यापन करू लागले. १९७० साली भिवंडीत दंगल झाली, तेव्हा बंधू बलराज यांच्यासमवेत ते तेथे गेले. उजाड झालेल्या त्या गावात त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि दिल्लीस परतल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. पंजाबच्या जखमेवरील खपली महाराष्ट्रातील एका गावाने काढली, हे आपण विसरू नये.

कादंबरीच्या आरंभी एका कोंदट कोठडीत, पणतीच्या मिणमिणत्या उजेडात, नत्थू एका डुकराशी झुंजत असतो. जनावरांच्या डॉक्टरला ते हवे आहे, असे सांगून मुराद अलीने त्याच्या हातावर पाच रुपये ठेवलेले असतात. सकाळी ते कलेवर मशिदीच्या पायरीवर आढळते आणि शहर पेटते. आता पाहा, त्या कोठडीत पशू कोणता? डुकराला कोणाचा द्वेष नाही, नत्थूलाही नाही. खरा पशू कोठडीबाहेर, नीटनेटक्या वेषात हिंडत असतो.

गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या १९५४ सालच्या कादंबरीतही डुकराचे मुंडके असेच प्रतीक होऊन बसते. परंतु तेथे निर्जन बेटावर मुलांना आवरणारे वडीलधारे कोणी नसते. साहनींच्या शहरात वडीलधारे आहेत, आणि तेच धडे देतात. कोवळ्या रणवीरला त्याचे गुरुजी कोंबडी कापावयास लावतात. प्रथम त्याला ओकारी येते. पुढे त्याच्याच टोळीतील एक मुलगा वृद्ध अत्तरविक्याला सुरा खुपसतो. रानटीपणा येथे उफाळून येत नाही. तो शिकविला जातो.

मग दोष केवळ शिकविणाऱ्यांचा काय? साहनी तीही पळवाट ठेवीत नाहीत. शाहनवाज हा दिलदार गृहस्थ आपल्या हिंदू मित्राच्या कुटुंबाला आसरा मिळवून देतो, त्यांचे दागिने आणण्यासाठी जीव धोक्यात घालतो. परतताना जिन्यावर पुढे चाललेल्या मिलखी नोकराची शेंडी त्याला दिसते आणि तो त्याला लाथ मारून खाली लोटतो. नंतर दागिन्यांची पेटी मात्र इमानाने वहिनींच्या हाती देतो. मैत्री आणि हिंसा एकाच देहात, एकाच तासात नांदतात. ‘तमस’ म्हणजे अंधार, तो हाच.

शेवटी शांततेचा प्रचार करणारी मोटार निघते आणि तीत बसून घोषणा देतो तो मुराद अलीच! त्याला ओळखू शकणारा नत्थू तेव्हा या जगात नसतो.

१९७५ साली या कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तिचे खरे मोल मात्र एवढेच की, पुस्तक मिटल्यावर मुराद अलीचा राग येतोच, परंतु भय वाटते ते शाहनवाजचे. कारण तो आपल्यासारखा आहे.