कलावंत आणि शाळा यांची भागीदारी

स्नेहसंमेलन जवळ आलें, कीं कोणी ना कोणी पालक आम्हांस विचारतात, "सर, मुलगा उद्यां चाकणच्या कारखान्यांत लागावयाचा. त्याला नाटक आणि चित्रकला हवी कशाला?" ज्या घरीं एका पगारावर पांच माणसें जगतात, तेथून हा प्रश्न येतो, तो हंसण्यावारी नेणें बरें नव्हे.

प्रथम ही भागीदारी म्हणजे काय, हें पाहूं. कलावंत एक दिवस आला, कार्यक्रम करून टाळ्या घेऊन गेला, तर ती करमणूक झाली. कलावंत व शिक्षक यांनीं मिळून एखादें काम आठवडेच्या आठवडे मुलांकडून करवून घ्यावें. मुलांनीं चुकावें, मोडावें, पुन्हां जुळवावें. यास भागीदारी म्हणावें.

मुलांच्या मनाशीं कलावंतानें नातें कसें जोडावें, याचें उदाहरण शेजारच्या पुण्यांतच आहे. 1986 सालीं डॉ. मोहन आगाशे यांनीं बर्लिन येथील 'ग्रिप्स' ही बालनाट्याची पद्धति थिएटर अकॅडमीमार्फत मराठींत आणिली. तींत राजे नाहींत, पऱ्या नाहींत. मोठीं माणसें मुलांच्या भूमिका करितात, आणि विषय असतो मुलांच्या रोजच्या जगण्याचा. आपली भीति रंगमंचावर पाहिलेलें मूल ती बोलून दाखविण्यास धजतें.

इंग्लंडांत 2002 सालापासून सरकारी पैशानें अनेक शाळांस कलावंत जोडून देण्यांत आले. 2011 सालीं तो पैसा आटला आणि योजनाहि थांबली. यावरून इतकें शिकावें, कीं भागीदारी केवळ अनुदानावर उभी राहूं नये. तिला शेजाऱ्यांचा आधार हवा.

असे शेजारी आपल्या भागांत पुष्कळ आहेत. 1953 सालच्या कायद्यान्वयें स्थापन झालेलें कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवीत आलें आहे. पाळी संपवून तालमीस जाणारे नट व भजनी मंडळांतील पखवाजी आमच्या पालकांतच सांपडतात.

आमच्या चित्रकलेच्या वर्गांत फाउंड्रींत पॅटर्न करणारे एक पालक सहा शनिवार येत होते. ओतीव लोखंड थंड होतांना शंभरांत सुमारें एक भाग आकसतें, म्हणून लांकडी पॅटर्न तितका मोठा ठेवावा लागतो. मुलांनीं लांकूड कोरून मातींत ठसे घेतले, त्यांत वितळलेलें मेण ओतलें, आणि तें आकसतांना स्वतः पाहिलें. वर्गांत बिहारहून आलेला एक मुलगा होता. मराठी नीट येत नसल्यामुळें तो तोंड उघडीत नसे. तिसऱ्या शनिवारीं त्याचें काम सर्वांत सुबक निघालें, आणि मुलें त्याच्याभोंवतीं जमून विचारूं लागलीं, "हें कसें केलेंस?" उत्तर देतां देतां तो आमची भाषा बोलूं लागला. त्या पालकांचा मुलगाहि तेथेंच बसत असे. वडिलांच्या हातांस केवढी बुद्धि लागते, हें त्यास त्याच दिवशीं कळलें.

पालकांच्या प्रश्नास आमचें उत्तर हेंच आहे. जी वस्तु अजून झाली नाहीं ती आधीं डोळ्यांपुढें आणण्याची संवय कलेनें लागते, आणि ती कारखान्यांतहि उपयोगी पडते. शिवाय पाळी संपल्यावर माणसास जगावयाचें उरतेंच.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर आईवडिलांस विचारा, "तुम्हांला कोणती कला येते?" आणि पालकहो, जें उत्तर द्याल, तें घेऊन सहा शनिवार शाळेंत या.