संशोधक विद्यार्थ्याची बडतर्फी आणि अपील



आमच्या वलगावचे नाव बाहेर ठाऊक आहे ते गाडगेबाबांच्या निर्वाणामुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, येथल्या पेढी नदीजवळ त्यांनी देह ठेवला. स्वतः शाळेत न गेलेला हा माणूस, पोटाला चिमटा घ्या पण मुले शिकवा, असे जन्मभर सांगत फिरला, आणि आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. मुले शिकवावी कशी, कोठवर शिकवावी, यावर या मंडपात पुष्कळ व्याख्याने झाली. परंतु शिकत असलेल्या मुलाला मध्येच काढून टाकले तर काय करावयाचे, हा विषय आम्ही येथे ऐकल्याचे आठवत नाही. तो आम्ही आज घेतला आहे, आणि त्याचे कारण एक कागद आहे.

जिनिंगमध्ये हयात घालविलेला आमचा एक जुना सोबती एका सकाळी तो कागद घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, पोरीले विद्यापीठातून काढलं म्हन्तेत. काहून काढलं थे याच्यात लिवलं हाय काय, पाहा बरं." विद्यापीठ दूरच्या शहरातले, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. मुलगी पीएच. डी. करीत होती, चौथे वर्ष चालू होते. कागदावर दोन ओळी होत्या: प्रगती असमाधानकारक असल्याने समितीच्या शिफारशीवरून नोंदणी रद्द करण्यात येत आहे. काहून, ते त्यात लिहिलेले नव्हते.

आम्ही विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नाही. पण आरोपपत्रे, कारणे दाखवा नोटिसा आणि बडतर्फीचे हुकूम यांच्या ढिगात आमची तीस वर्षे गेली. दोन ओळींचा हुकूम पाहिला की आमचे पहिले बोट तारखेवर जाते आणि दुसरे, याआधी काय लेखी दिले होते, या प्रश्नावर. ती सवय येथे उपयोगी पडली.

संशोधक विद्यार्थी बाहेर पडतो तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट अभ्यासाची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच. डी. संबंधीचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक संशोधन सल्लागार समिती असते. दर सत्राला विद्यार्थ्याने तिच्यापुढे उभे राहून काम कोठवर आले ते सांगावयाचे. काम समाधानकारक नसेल तर समितीने त्याची कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवावयाचे. विद्यार्थ्याने ते उपाय अमलात आणले नाहीत, तरच समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते, आणि तीही नेमकी कारणे देऊन. म्हणजे पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरून एकदम अंगणात ढकलण्याची सोय नियमात नाही.

दुसरी वाट मुदतीची. कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षे. बाळंतपणासाठी व मुलांच्या संगोपनासाठी स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा आहे, हे पुष्कळ मुलींना माहीतच नसते. मुदत म्हटली की आम्हाला डॉ. आंबेडकरांची आठवण होते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळविली होती. १९२० साली ते परत गेले. प्रबंधात फेरफार करण्याचा प्रसंग आला, तेही केले, आणि १९२३ साली डी. एस्सी. घेतली. त्या परवानगीवाचून बोटीवर चढले असते तर?

तिसरी वाट गैरवर्तनाची. वाङ्‌मयचौर्य यातच येते. त्यासाठी आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही, चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून देणे, साठपर्यंत एक वर्ष दुरुस्त प्रबंध देण्यास मनाई, आणि साठाच्या वर नोंदणी रद्द. मोर्चे, घोषणा, वसतिगृहातील भांडणे हीही याच वाटेवरची.

आता मुख्य प्रश्न. काढण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे की नाही? हा प्रश्न तीनशे वर्षांचा आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख डॉ. बेंटली या भांडखोर विद्वानाच्या पदव्या विद्यापीठाने १७१८ साली, त्यांना न ऐकता, काढून घेतल्या. प्रकरण राजाच्या न्यायालयात गेले. तेथे एका न्यायाधीशाने सांगितले की, खुद्द परमेश्वरानेही आदमला शिक्षा देण्यापूर्वी, तू कोठे आहेस, ते फळ तू खाल्लेस काय, असे विचारले होते. बेंटलींच्या पदव्या परत मिळाल्या. चौकशीवाचून काढलेल्या कामगारांच्या सभांत ही गोष्ट आम्ही कितीदा तरी सांगितली आहे. ती मुळात विद्यापीठाची आहे, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

अमेरिकेतील न्यायालयांनी येथे एक भेद केला. अलाबामातील काही काळ्या विद्यार्थ्यांनी १९६० साली गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात बसून सत्याग्रह केला, म्हणून त्यांना विचारपूस न करता कॉलेजातून काढले. १९६१ साली न्यायालयाने ठरविले की, गैरवर्तनासाठी काढावयाचे तर आधी नोटीस आणि सुनावणी हवी. उलट १९७८ साली एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, अभ्यासात कमी पडल्यामुळे काढले असेल तर रीतसर सुनावणीची गरज नाही. तो निर्णय शिक्षकांच्या जाणतेपणावर सोडावा. तिला मात्र आधी वेळोवेळी उणिवा कळविल्या होत्या, आणि सात डॉक्टरांकडून तिची वेगळी तपासणीही करविली होती. हा भाग पुष्कळदा सांगावयाचा राहून जातो.

आपल्याकडे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात परीक्षा मंडळाला बजावले की, गैरप्रकाराचा ठपका ठेवून निकाल रद्द करावयाचा तर त्या मुलांना ऐकलेच पाहिजे. १९७० साली बिहारमधील एका केंद्रावर सरसकट कॉपी झाली, तेव्हा प्रत्येकाला वेगळी सुनावणी नको, असेही त्याच न्यायालयाने म्हटले. आणि १९८४ साली आमच्याच महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या दाव्यात, फेरतपासणीसारख्या शैक्षणिक बाबतीत शिक्षणतज्ज्ञांच्या जागी न्यायाधीशांनी बसू नये, असा कौल दिला. तेव्हा कोर्टात जाऊन, माझा प्रबंध चांगला आहे हो, असे म्हणण्यात अर्थ नाही. रीत पाळली नाही, असे म्हणण्यात अर्थ आहे. कामगार न्यायालयातही आमचा अनुभव फारसा वेगळा नाही.

शिक्षेच्या प्रमाणाचेही असेच. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ कलम आले आणि अपराधाच्या मानाने शिक्षा जबर असल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. विद्यार्थ्यासाठी असे लिहिलेले कलम नाही. तरी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील प्रकरण पाहावे. एका दलित संशोधकाला दिल्लीतील मोर्चातील सहभाग आदी कारणांवरून एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलेल्या मुदतीपुरतेच ठेवून त्याला पीएच. डी. पुरी करण्याची वाट मोकळी केली. एक वर्ष मात्र गेले ते गेलेच. स्थायी आदेश लागू असलेल्या कारखान्यात चौकशी चालू असता निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस अर्धा पगार मिळतो, पुढे पाऊण. संशोधकाची अधिछात्रवृत्ती थांबली तर त्याने खाणावळीचे पैसे कोठून द्यावे, याचे उत्तर आम्हाला कोणत्याही नियमात सापडलेले नाही.

कोर्टाआधीचे दार म्हणजे आयोगाचे एप्रिल २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ शिक्षक, आणि खास निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. एक तरी स्त्री आणि एक तरी मागासवर्गीय सदस्य असलाच पाहिजे. तक्रार आल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यावयाचा. तो पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावयाचा. हा लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. अन्यायकारक वा अपारदर्शक मूल्यमापन ही तक्रार या नियमांत बसते. रद्द झालेली नोंदणी बहुधा याच दारातून आत न्यावी लागते. त्यापुढे राहते ते उच्च न्यायालय, आपल्या वऱ्हाडासाठी नागपूरचे खंडपीठ.

यात आम्हाला खटकते ते सांगतो. समिती संस्थेचीच, आणि लोकपालही संस्थाच नेमते. मालकाने नेमलेला चौकशी अधिकारी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले काही खरोखर सरळ होते. परंतु कारखान्याच्या चौकशीत कामगाराबरोबर त्याचा एक सोबती बसू शकतो, साक्षीदाराला उलट विचारू शकतो. विद्यार्थिनी मात्र एकटी बसते, आणि समोर तेच लोक असतात ज्यांच्या सहीवाचून पुढे तिला कोठेच नोकरी मिळावयाची नाही.

आमच्या सोबत्याच्या मुलीला आम्ही पहिल्या दिवशी एवढेच सांगितले की रडणे मागाहून, आधी पाकिटावरचा शिक्का जपून ठेव. तिचे मार्गदर्शक निवृत्त झाले होते आणि सात महिने तिला दुसरे मिळाले नव्हते. त्या काळातील तिचे तीन अर्ज होते. दोहोंवर आवक क्रमांक होता, तिसरा तिने हातोहात दिला होता, त्याची पोच नाही. सल्लागार समितीपुढे ती दोनदा उभी राहिली होती, पण सुधारणेचे उपाय म्हणून लेखी काही हाती आले नव्हते. तक्रारीत आम्ही सात मुद्दे घातले होते. मुलीने त्यांतले चार खोडले. ती म्हणाली, काका, सगळे खरे असले तरी वाचणारा तिसऱ्यावर कंटाळेल. तिचे बरोबर होते.

समितीने विद्यापीठाची बाजू उचलली. तेराव्या दिवशी अपील गेले. लोकपालांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि विद्यापीठाला एकच कागद मागितला: सुचविलेले उपाय कोठे नोंदविले आहेत तो. फाईल आली, तीत तो नव्हता. नोंदणी पूर्ववत झाली, नवे मार्गदर्शक मिळाले, सल्लागार समितीने फिरून बसून काम तपासावे असे ठरले. ती बसली. दोन उपाय सुचविले गेले, या खेपेस लेखी. त्यांतला एक खरोखरच आवश्यक होता, असे मुलगीच सांगते.

या साऱ्यात अकरा महिने गेले. ते मुदतीतून वगळावेत आणि त्या काळची अधिछात्रवृत्ती मिळावी, असे दोन वेगळे अर्ज तिने केले आहेत. मुदतीचा मंजूर झाला आहे. पैशाच्या अर्जावर आवक क्रमांक पडला आहे, उत्तर आलेले नाही.