अमेरिकेतलं जुनं गाणं आणि आपली पेटी

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना फ्रान्सिस हॉपकिन्सन हे नाव स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या सहीमुळे ठाऊक असेल. पण हा वकील गाणीही रचायचा. १७८८ साली फिलाडेल्फियात त्याचं सात गाण्यांचं पुस्तक निघालं. आत गाणी मात्र आठ. आठवं मागाहून घातलं! पुस्तक त्यानं जॉर्ज वॉशिंग्टनना अर्पण केलं. वॉशिंग्टननी उत्तरात कळवलं, मला ना गाता येत, ना कुठलं वाद्य वाजवता येत.

ही गाणी एक गळा आणि हार्पसिकॉर्ड किंवा पियानो यांच्यासाठी आहेत. उजवा हात गाणाऱ्याचीच चाल वाजवतो, डावा खालचे सूर धरतो. आपल्या कीर्तनात पेटी गाणाऱ्याच्या मागोमाग जाते ना, तसंच काहीसं. म्हणून मला ती परकी वाटत नाहीत.

फरक एवढाच की त्यानं शब्दांबरोबर सूरही छापले, म्हणून आजही कुणी ती वाजवू शकतो. आपल्या मराठी कीर्तनांचे शब्द पुस्तकांत सापडतात, चाली मात्र बऱ्याचशा जुन्याजाणत्यांच्या गळ्यातच आहेत. घरात कुणाला येत असतील, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ज्याला जमेल त्यानं सरगमही लिहून ठेवावी.