रेडिओवर तालुक्याचा आवाज

बुलडाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाला रेडिओ नवा नाही. एका अंगाला अकोला, दुसऱ्या अंगाला जळगाव, आणि दोन्हीकडे आकाशवाणीची केंद्रं. जळगावचं केंद्र 1976 साली सुरू झालं. पुढे दोन्ही शहरांत खासगी एफएमही आली. कपाशी-सोयाबीनच्या या पट्ट्याला ऐकायला पुष्कळ मिळालं, बोलायला मात्र फारसं नाही. 2023 आणि 2024 या दोन वर्षांत रेडिओच्या जगात झालेल्या उलथापालथीकडे याच नजरेनं पाहायला हवं.

मे 2023 मध्ये प्रसार भारतीनं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मागे घेतलं आणि कारभारात सर्वत्र ‘आकाशवाणी’ हेच नाव वापरायचं ठरवलं. जून 1936 मध्ये मिळालेलं ते इंग्रजी नाव लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीतलं. बीबीसीतून आलेल्या या माणसानं 1935 मध्ये भारतातल्या नभोवाणीची सूत्रं हाती घेतली होती.

नाव बदलल्याला महिना-दीड महिना होतो न होतो तोच पुण्याची बातमी आली. आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा आदेश निघाला. सकाळी 7.10 चं पुण्याचं बातमीपत्र म्हणजे अनेक घरांतलं घड्याळच. श्रोते आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर आदेश थांबला. विशेष म्हणजे याच वर्षी ब्रिटनमध्येही हाच वाद पेटला होता. बीबीसीनं इंग्लंडमधल्या आपल्या 39 स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम एकत्र करायचं ठरवलं आणि पत्रकारांनी त्याविरुद्ध संप केला. पैसा कमी पडला की पहिली कात्री स्थानिक आवाजाला लागते, हे दोन्ही देशांत दिसलं. आणि ती तिथंच सर्वात महाग पडते, कारण राष्ट्रीय बातमी देणारे शंभर जण असतात, गावची बातमी देणारा एखादाच.

महाराष्ट्रानं या बाबतीत एकेकाळी जगाला धडा दिला होता, याची आठवण फार थोड्यांना आहे. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणी पुण्यानं ‘शेती रेडिओ मंडळां’चा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडाची. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली 150 गावं निवडली गेली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गावातल्या मंडळानं एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न, अनुभव, निर्णय केंद्राकडे लिहून पाठवायचे, अशी रीत. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांची उत्तरं मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूरॅथ यांनी प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंडळं नसलेल्या गावांशी तुलना करून त्यांनी दाखवलं की मंडळांच्या गावांत शेतीविषयीचं ज्ञान स्पष्टपणे वाढलं होतं. 1959 मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली, पण पुढे तिचा जोर ओसरला. निरक्षर शेतकऱ्यालाही रेडिओला जाब विचारता येतो, हे त्या दहा आठवड्यांनी सिद्ध केलं होतं. ही परंपरा आपण जपली नाही, हे दुर्दैव.

श्रोत्याला विचारलं नाही की तो निघून जातो, याचाही दाखला एका मराठी मंत्र्याच्याच काळातला आहे. माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. तिथं 1952 पासून अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करत होते. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करून सरकारला श्रोते परत आणावे लागले. 20 फेब्रुवारी 2024 ला मुंबईत सयानी गेले. आवाजाच्या बळावर सबंध देशाला आपलंसं करणारा तो माणूस होता.

खासगी एफएमचं पाऊल दमदार आहे, पण दिशा शहराची. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातल्या यादीत यवतमाळ, अचलपूर, वर्धा अशी नावं आहेत. मात्र या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. सप्टेंबर 2023 मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक प्राधिकरणानं त्यांना तासाला दहा मिनिटं बातम्यांसाठी द्यावीत अशी शिफारस केली. याउलट लंडनमध्ये खासगी रेडिओची सुरुवातच 8 ऑक्टोबर 1973 ला एलबीसी या बातम्यांच्या केंद्रानं झाली होती. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं न्या. पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात 1995 मध्ये लिहून ठेवलं आहे. बाजारभाव, धरणातला पाणीसाठा, बंद पडलेला रस्ता यांची बातमी त्या लहरींवरून देता येऊ नये, याचं समर्थन आज कुणालाच करता येणार नाही.

पिंपळगाव राजाच्या दृष्टीनं खरी महत्त्वाची घटना वेगळीच आहे आणि तिची चर्चा सर्वात कमी झाली. 13 फेब्रुवारी 2024 ला सामुदायिक रेडिओची, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या परिसरासाठी चालवायच्या छोट्या केंद्रांची, सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. पहिली परवानगी आता दहा वर्षांची. एका संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत सहा केंद्रांपर्यंत चालवता येतील. जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर गेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये झाला. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, ही अट कायम आहे, आणि तीच या रेडिओचा प्राण आहे.

असं केंद्र चालवणं महाराष्ट्राला जमतं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ 2005 पासून, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ 2008 पासून बोलते आहे. बारामतीला ‘वसुंधरा वाहिनी’ आहे. म्हसवड हा दुष्काळी माणदेश. तिथल्या बाया माइकसमोर उभ्या राहतात, तर आपल्या खामगावकडच्या बायांना काय अवघड आहे?

या केंद्रांची शक्ती 100 वॉटच्या आसपास, पोच साधारण दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे बुलडाण्याला किंवा जळगाव जामोदला केंद्र उभं राहिलं तरी पिंपळगाव राजाला त्याचा उपयोग नाही. केंद्र इथल्याच पंचक्रोशीत हवं. गुलाबी बोंडअळीचा इशारा, सोयाबीनचा खामगावच्या बाजारातला दर, शाळेतल्या मुलींचं नाटक, वऱ्हाडी बोलीतल्या ओव्या, ही सामग्री इथं भरपूर आहे.

अर्ज करण्याचा हक्क शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि किमान तीन वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना आहे. खामगाव तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि संस्थांनी ही नियमावली मागवून वाचावी, एकत्र बसावं आणि पिंपळगाव राजासाठी अर्ज करावा.