चार्ज होणारी वाफेची नळी: घ्यावी का, ओढावी का?

आजच्या भागाचा विषय आम्ही शोधला नाही, तो धुण्याच्या बादलीतून आला.

दिवाळीला गावी आलेल्या मुलाचे कपडे भिजवताना आमच्या गटातल्या एका ताईंना पॅन्टच्या खिशात एक वस्तू सापडली. बोटाएवढी लांब, गुळगुळीत, रंगीत, एका टोकाला तोंडात धरायची चपटी नळी आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या चार्जरचं भोक. वास पिकल्या आंब्याचा. मुलगा सव्वीस वर्षांचा, पुण्याकडे कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "आई, ही सिगारेट नाही. नुसती वाफ आहे. सिगारेट सोडायची म्हणून घेतली. चार्ज करता येते, महिनाभर पुरते, स्वस्त पडते." ताईंनी आम्हाला विचारलं, "पोरगं म्हणतंय ते खरं का?"

आपण बचत गटातून शिलाई मशिन घेतो, पिठाची गिरणी घेतो, तेव्हा काही प्रश्न विचारतोच. आत काय आहे? किती दिवस टिकेल? बिल मिळेल का? बिघडली तर कोणाकडे जायचं? तेच प्रश्न या नळीला विचारून पाहू.

पहिला प्रश्न, आत काय आहे. हिला व्हेप म्हणतात, ई-सिगारेटही म्हणतात. आत एक छोटी बॅटरी असते, एक बारीक तार असते, तारेभोवती कापसाची वात असते आणि ती वात एका घट्टसर पाण्यात भिजलेली असते. तोंडाने ओढलं की बॅटरी सुरू होते, तार तापते आणि वातीतलं पाणी धुरासारखं वर येतं. कंदिलाच्या वातीला रॉकेल चढतं तसंच, फक्त इथे ज्योत नाही, तापलेली तार आहे.

पण हे पाणी म्हणजे आपलं पिण्याचं पाणी नव्हे. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ही दोन रसायनं, वासाचे अर्क आणि निकोटिन असं ते मिश्रण असतं. निकोटिन म्हणजे तंबाखूतला तोच पदार्थ, ज्याची माणसाला चटक लागते. भाताच्या कुकरची वाफ निव्वळ पाण्याची असते. ही वाफ म्हणजे या सगळ्या रसायनांचे बारीक थेंब. त्यात तापलेल्या तारेतून सुटलेले निकेल, क्रोमियम, शिसं अशा धातूंचे कणही सापडलेले आहेत. कोणी म्हणेल, वासाचे अर्क तर बिस्किटात, आइस्क्रीममध्येही असतात. असतात. पण मिरची आपण रोज खातो, तरी फोडणीतली मिरची छातीत गेली की ठसका लागतो. पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही.

दुसरा प्रश्न, चार्ज होते म्हणजे टिकाऊ का? इथे भले भले फसतात. ही नळी चार्ज होते, पण तिच्यात पुन्हा द्रव भरता येत नाही. आतला द्रव संपला की बॅटरीसकट अख्खी नळी फेकायची. आधीच्या फेकाऊ नळ्यांमध्ये द्रव थोडा आणि बॅटरी लहान असायची. दोन्ही बरोबरच संपायचं. पुढे कंपन्यांनी द्रव वाढवला. मग बॅटरी आधी संपू लागली, म्हणून चार्जरचं भोक आलं. म्हणजे नळीचं आयुष्य वाढलं ते आत जास्त निकोटिन भरल्यामुळे.

हिशोब करून बघा. डब्यावर ५ टक्के लिहिलं असेल, तर एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. नळीत १० मिलिलिटर द्रव असेल, तर झालं ५०० मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये अशा वस्तू प्रौढांना विकायला परवानगी आहे, तिथे मर्यादा २ टक्के आणि २ मिलिलिटरची आहे, म्हणजे ४० मिलिग्रॅम. बारा पटींहून जास्त फरक पडला! आणि तिथेही १ जून २०२५ पासून फेकाऊ नळ्यांची विक्री बंद झाली. चार्ज होते पण पुन्हा भरता येत नाही, अशी नळीसुद्धा तिथे फेकाऊच धरतात.

तिसरा प्रश्न, रोज वापरली तर काय? विडी ओढणाऱ्याला विडी स्वतःच सांगते, की संपले. ती विझते. ही नळी विझत नाही. खिशातून काढली, एक झुरका घेतला, ठेवली. अंथरुणात, बसमध्ये, संडासात. घशाला टोचू नये म्हणून निकोटिन क्षाराच्या रूपात घातलेलं असतं, त्यामुळे खोकला येत नाही आणि किती ओढलं ते कळत नाही. म्हणून "रोजच्या वापराची" हे शब्द ऐकताना सावध व्हा. रोज वापरावी लागते ती नळी चांगली म्हणून नव्हे. निकोटिन दुसऱ्या दिवशी परत बोलावतं म्हणून.

आता मुलाच्या बाजूने जे खरं आहे, तेही सांगायला हवं. सिगारेट आणि विडी जळते. जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं, आणि धुराचं बरंचसं नुकसान त्यातून होतं. व्हेपमध्ये जाळ नाही. म्हणून ब्रिटनमधली सरकारी आरोग्यसेवा म्हणते, की सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून व्हेप घेतली तर धोका बराच कमी होतो, आणि काहींना त्याने सिगारेट सोडायला मदतही होते. पण तीच आरोग्यसेवा पुढे हेही सांगते, की व्हेप निर्धोक नाही आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने ती घेऊच नये. शिवाय ते म्हणणं आहे तपासलेल्या, मर्यादा घातलेल्या मालाबद्दल. तंबाखू खाणाऱ्याला आणि मिशेरी लावणाऱ्याला तर हे लागूच होत नाही. तिथे मुळात धूरच नाही. तिथे व्हेप आली, की फुप्फुसाला एक नवी झळ तेवढी वाढते.

चौथा प्रश्न, बिल मिळेल का? इथे गोष्ट संपते. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं यावर बंदी आहे. "फक्त मोठ्यांसाठी" असं डब्यावर लिहिलेलं असलं, तरी आपल्या देशात त्याला अर्थ नाही, कारण मोठ्यांनाही विकायला परवानगी नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

म्हणजे पानटपरीच्या मागून मिळाली ती नळी चोरट्या वाटेने आलेली. तिच्यावर ५ टक्के लिहिलंय ते खरं की खोटं, आत आणखी काय घातलंय, बॅटरी कशी आहे, हे कोणी तपासलेलं नाही. बिल नाही, हमी नाही, तक्रार करायची सोय नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी हजारो माणसं फुप्फुसं बिघडून दवाखान्यात भरती झाली, त्यातली ६८ दगावली. बहुतेकांच्या नळ्यांमध्ये गांजाचा अर्क होता आणि तो पातळ करायला ई जीवनसत्त्वाचं तेल मिसळलेलं होतं. असा माल बराचसा चोरट्या बाजारातला किंवा ओळखीपाळखीतून आलेला होता. तोंडात धरणाऱ्याला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

ज्या मैत्रिणींचं किराणा दुकान आहे, त्यांना एक कळकळीची सूचना. कोणी ओळखीचा मुलगा म्हणाला, "काकू, हा खोका दोन दिवस ठेवा," तर आत काय आहे ते बघितल्याशिवाय ठेवू नका. साठा ठेवणं हाही गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

पाचवा प्रश्न, घरात लहान लेकरू असेल तर? आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास पाहून लेकरू नळी तोंडात घालणारच. फुटलेल्या नळीतला द्रव पोटात गेला किंवा अंगावर सांडला तरी विषबाधा होऊ शकते. उलटी, लाळ, घाम, छातीत धडधड, पुढे झटके. अशा वेळी बळेच उलटी काढू नका. अंगावरचा द्रव भरपूर पाण्याने धुवा, नळी सोबत घ्या आणि लगेच १०८ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा. संपलेली नळी चुलीत किंवा कचऱ्याच्या जाळात टाकू नका. आतली लिथियमची बॅटरी फुटते. ओल्या-सुक्या कचऱ्यातही मिसळू नका. जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या जिथे देता, तिथेच द्या.

पाचही प्रश्नांत ही वस्तू नापास झाली. मग मुलाला काय सांगायचं? आदळआपट करून वस्तू फेकली, तर तो दुसरी घेईल आणि पुढच्या वेळी खिसे रिकामे करून कपडे देईल. ताईंना आम्ही एवढंच विचारायला सांगितलं, "सिगारेट सुटली का रे? की दोन्ही चालू आहे?" मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कारखान्यात सिगारेट, खोलीवर ही." म्हणजे सोडवायला आणलेली वस्तू, तिने सुटलं काहीच नाही. एकाची दोन झाली.

पण नंतर त्याने विचारलं, "आणि आई, तुझी मिशेरी?"

मैत्रिणींनो, त्या दिवशी ताईंकडे उत्तर नव्हतं, आणि आमच्यातल्याही काही जणींनी मान खाली घातली. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात दुखतात म्हणून सुरू होते आणि मग सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटू लागतं. ते काम निकोटिनचं. मुलाची नळी आणि आपली डबी, दोन्हीकडे मालक एकच. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. गरोदरपणी मिशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर आशाताईंना दाखवा आणि दवाखान्यात जा.

सोडायला मदत मिळते. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते ठरलेल्या मापाचं असतं, हळूहळू कमी करत बंद करायचं असतं, आणि त्याचं बिल मिळतं. मात्र गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. पण प्रत्येक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, हाताला काम द्या.

ताई आणि त्यांच्या मुलाने एकाच फोनवरून, एकामागून एक त्या नंबरवर बोलणं केलं. ताईंची दुपारची आणि रात्रीची मिशेरी बंद झाली आहे, सकाळची अजून राहिली आहे. मुलाने नळी परत घेतली नाही, सिगारेट मात्र दोनवर अडकली आहे. रविवारी फोनवर दोघं एकमेकांना हिशोब देतात.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की हे पाच प्रश्न एकदा वाचून दाखवा. आणि डबी पदराला असेल, तर ती समोर ठेवून वाचा. नमस्कार.